मनाची जावक कुठे नोंदवायची?



कचेरीत माझ्या टेबलावर दोन रजिस्टरे असतात. एक आवक, एक जावक. आलेला कागद आवकला चढतो, त्यावर कार्यवाही होते आणि उत्तर जावकला चढते. आवक चालू राहिली आणि जावक थांबली, तर टेबलावर ढीग लागतो आणि एक दिवस तो कोसळतो. वीस वर्षे मी हे काम करतो आहे. माणसाच्या मनाचेही असेच असते, हे मात्र मला धाकट्या भावामुळे कळले आणि फार उशिरा कळले.

भाऊ जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये ठेक्यावर होता. ते काम सुटले तेव्हा तो पिंपरी-चिंचवडला गेला. एका खोलीत आठ जण. कोणाची दिवसपाळी, कोणाची रातपाळी. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडायची. गावात माणूस गप्प बसला तर कोणीतरी विचारते, "काय रे, तोंड का उतरलं?" शहरात आठ जणांच्या खोलीत राहूनही हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण प्रत्येक जण थकून आलेला असतो. भाऊ पिऊ लागला. पैसे येणे थांबले आणि भावजय दोन लेकरांना घेऊन आमच्या घरी आली.

मी काय केले? मी वस्त्यावस्त्यांतून व्यसनमुक्तीवर बोलणारा कार्यकर्ता. त्यालाही भाषणच दिले. आईची शपथ घातली, लेकरांची घातली. त्याने प्रत्येक शपथ घेतली आणि प्रत्येक शपथ मोडली. शेवटी पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात त्याला दाखल केले.

तिसऱ्या आठवड्यात आम्हा घरच्यांना बोलावणे आले. समुपदेशक बाईंनी मला विचारले, "तुम्ही भावाशी याविषयी बोललात का?" मी दहा मिनिटे सांगत राहिलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही काय बोललात ते कळलं. तो काय बोलला?"

वाचकहो, मला उत्तर देता आले नाही. इतक्या वर्षांत मी त्याला बोलू दिलेच नव्हते. भावजय हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही सगळ्या वस्तीला सांगता. पण यांचं कोणी ऐकलंच नाही." मग बाईंनी भावाने काढलेले एक चित्र दाखवले. केंद्रात सगळ्यांना आपापले घर काढायला सांगितले होते. भावाने घर काढले होते, दारे-खिडक्या बंद, आणि एक माणूस बाहेर उभा. चौथीनंतर त्याने हातात रंग धरला नव्हता. पण जे त्याला तोंडाने सांगता येत नव्हते, ते त्या कागदावर होते.

त्या दिवसापासून मी या उपचारांविषयी वाचू लागलो. आपल्याला वाटते, हे मोठ्या लोकांचे चोचले. खरी हकिगत तशी नाही. गटाने बसून उपचार करण्याची सुरुवात अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १९०५ साली झाली. डॉ. जोसेफ प्रॅट यांच्याकडे क्षयाचे गरीब रोगी येत. त्यांना आरोग्यधामात राहणे परवडत नसे. म्हणून डॉक्टरांनी त्यांची दर आठवड्याला एकत्र बैठक सुरू केली. एकमेकांना पाहून, एकमेकांचे ऐकून रोग्यांना धीर येतो, हे तिथे दिसले. चित्रातून उपचाराचेही तसेच. ॲड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार स्वतः क्षयाने आजारी होता. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने चित्रे काढली, इतर रोग्यांनाही काढायला लावली आणि १९४२ साली या उपचाराला नाव दिले. बोलून बरे होण्याला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तर १८८०च्या सुमारास व्हिएन्नाच्या एका तरुण रुग्ण बाईनेच दिले. ती त्याला गमतीने धुराडे साफ करणे असेही म्हणे. धुराडे तुंबले की घरात धूर कसा कोंडतो, हे चुलीपुढे बसलेल्या आपल्या आयाबहिणींना समजावून सांगायला नको.

आपल्या महाराष्ट्रात हे काम सामान्य माणसापर्यंत नेणारे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे मुक्तांगण. पत्रकार-लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि १९८६ साली येरवड्याला हे केंद्र उभे राहिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९९७ साली कर्करोगाने त्यांचे निधन होईपर्यंत केंद्राचा भार त्यांनी वाहिला. आज त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर हे काम पाहतात. तिथे औषध असते, पण औषधाने शरीरातले विष उतरते. मनातले उतरायला गटाची बैठक लागते. व्यसनातून बाहेर आलेले लोकच पुढे तिथे कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पिणारा एक असतो, पण आजारी सगळे घर पडते आणि त्या घरच्या बाईला तिच्या दुखण्याबद्दल कोणी विचारीत नाही.

गटात नेमके होते काय? पहिले म्हणजे, "हे फक्त माझ्याच नशिबी आलं" हा समज जातो. समोर रिक्षावाला असतो, इंजिनिअर असतो, शिक्षक असतो आणि गोष्ट सगळ्यांची एकच निघते. दुसरे, लाज कमी होते. तिसरे, आपल्यापेक्षा सहा महिने पुढे असलेला माणूस डोळ्यांनी दिसतो. शंभर भाषणांनी जे होत नाही, ते त्या एका माणसाने होते.

आता कोणी म्हणेल, पुणे-मुंबईला हे ठीक, आमच्या जालन्यात काय? त्याला उत्तर आहे. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केले. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या उदास, चिंताग्रस्त रुग्णांना त्यांचा उपयोग होतो, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. म्हणजे ऐकणे ही शिकता येणारी गोष्ट आहे.

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही रविवारी संध्याकाळी तासभर बसू लागलो. नियम तीनच. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. इथले बोलणे बाहेर न्यायचे नाही. बोलायचे नसेल त्याने नुसते बसले तरी चालेल. पहिले दोन रविवार कोणी तोंड उघडले नाही. तिसऱ्या रविवारी धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी बोलल्या आणि मग बायका बोलतच राहिल्या. पुरुष अजून दाराशी उभे राहून ऐकतात. येतील तेही आत. पोरांसाठी आम्ही रंगपेट्या ठेवल्या आहेत. पण चित्र पाहून मुलाच्या मनातले ओळखण्याचा शहाणपणा आम्ही करीत नाही. ते शिकलेल्या माणसाचे काम. आम्ही फक्त विचारतो, "हे काय काढलंस, सांग बरं."

एक गोष्ट बजावून सांगतो. बैठक म्हणजे दवाखाना नव्हे. ज्याला भास होतात, जो रात्र रात्र झोपत नाही, जो मरणाची भाषा करतो, त्याला डॉक्टरकडेच न्या. त्याला बाहेरची बाधा म्हणून देवऋषीकडे नेऊ नका आणि सुरू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकते. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. २०२२ सालापासून टेलि-मानस ही सेवा आहे. १४४१६ या नंबरवर दिवसा-रात्री केव्हाही फुकट फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी दवाखान्यातून हा उपचार मिळणे आपला हक्क ठरवला आहे, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तो मोफत आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. एखादे केंद्र मारहाण करून दारू सोडवतो म्हणत असेल, तर तिथून आपला माणूस लगेच परत आणा.

भावाचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. तीन वर्षे झाली. मध्ये एकदा त्याचा पाय घसरला. पूर्वीचा मी असतो तर पुन्हा भाषण दिले असते. या वेळी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "दादा, मिल सुटली त्या दिवशी मी चार तास स्टेशनवर बसलो होतो. घरी काय तोंड दाखवू, म्हणून." इतक्या वर्षांचा कागद, त्या दिवशी जावक झाला. दुसऱ्या सकाळी तो आपणहून केंद्रात परत गेला. आता तो इथेच जालन्यात कामाला आहे.

या रविवारी आपापल्या घरात जो सर्वात कमी बोलतो, त्याच्याजवळ अर्धा तास बसा. उपदेश नको. नुसते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.