जुनी डिझेल गाडी : आधी ब्रेक, मग रंग



गेल्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या बैठकीला निघालेली आमची जीप तापून वाटेतच उभी राहिली. सात माणसे बाभळीच्या सावलीला बसली आणि बैठक आमच्यावाचून झाली. इंजिन खोलले तेव्हा हेड वाकलेले आणि गॅस्केट जळालेले निघाले. कारण काय, तर रेडिएटरचा एक रबरी पाइप. तो फुगलेला आम्हाला महिनाभर दिसत होता. कापसाचे पैसे आले की बदलू, असे आम्ही म्हणत राहिलो. शे-दोनशेचा पाइप वाचवला आणि हजारोंचे काम अंगावर घेतले. त्याच वर्षी त्याच जीपला नवी सीटकव्हरे आणि गाणी वाजवायचा डबा बसवला होता, हेही कबूल केले पाहिजे.

आपल्या गावांत अजून कोणत्या गाड्या चालतात ते पाहा. १९९४ साली आलेली सुमो, १९९८ ची इंडिका, २००० ची बोलेरो, प्यूजो इंजिनाची जुनी महिंद्रा जीप. अँबॅसिडरचा कारखाना २०१४ साली बंद पडला, सुमो २०१९ साली थांबली, पण गाड्या रस्त्यावर आहेतच. शहरातल्या माणसाला हे भंगार वाटते. रात्री दोन वाजता बाळंतिणीला तालुक्याला न्यायचे असते तेव्हा हेच भंगार दारात लागते.

नवी घ्या म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब मांडावा. नवी डिझेल गाडी आठ-दहा लाखांच्या घरात जाते. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे शंभर-सव्वाशे क्विंटल कापूस, तोही बियाणे, फवारणी आणि वेचणी यांचा खर्च न धरता. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल हाती लागला तर पंचवीस एकरांचे सगळे पीक एका गाडीत गेले. तेव्हा जुनी सांभाळणे ही हौस नाही, दुसरा रस्ताच नाही.

पण सांभाळणे म्हणजे काय, यावर आमचे आपल्याच लोकांशी भांडण आहे. गाडीवर पैसा घालायची वेळ आली की आपण डेंटिंग-पेंटिंगपासून सुरुवात करतो. रंगाने गाडी थांबत नाही, ब्रेकने थांबते.

डिझेल गाडीच्या ब्रेकची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी तयार करते, तिच्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेल इंजिनात तशी पोकळी मिळत नाही. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे असतो. तो झिजला की पेडल दगडासारखे लागते, आणि आपण ब्रेक शू बदलत बसतो. इंजिन बंद केले की हा पंपही बंद. उताराला डिझेल वाचवायचे म्हणून इंजिन बंद करून गाडी सोडायची आपली खोड आहे ना, ती इथे जिवावर बेतते. दोन-तीनदा पेडल दाबले की बूस्टरचा जोर संपतो, आणि पुढे बैलगाडी असते. ब्रेकचे तेलही हवेतले पाणी ओढते. दोन वर्षांनी ते बदलावे. सुधारणा करायचीच तर आधी ब्रेक, मग टायर, मग दिवे, मग सगळ्या सीटांना पट्टे.

दुसरा शत्रू आपली काळी माती. मार्च-एप्रिलात पांदण रस्त्याची धूळ पिठासारखी उडते. एअर क्लीनरमधून ती आत शिरली की रिंगा आणि सिलेंडर झिजतात आणि इंजिन बोअरला येते. ऑइल बाथ असेल तर तळाशी चिखल बसला की तेल बदला. कागदी फिल्टर झटकून किती दिवस चालवणार? तिसरा शत्रू ड्रममधले डिझेल. ड्रमात पाणी साचून तळाशी बसते. तळचे दोन बोटे डिझेल गाडीत घालू नये. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढायला पाच मिनिटे लागतात. पंप आणि नोझल गेले तर एका हंगामाची कमाई जाते.

धूर बघायला शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा नोझल खराब. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. सकाळी थोडा वेळ पांढरा निघाला तर हीटर प्लग पाहा. गरम झाल्यावरही पांढरा राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर आमची जीप आठवा. इंडिकावाल्यांनी टायमिंग बेल्टची मुदत चुकवू नये. तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

आता सरकारचे. आपल्याकडे वयावरून सरसकट बंदी नाही. पंधरा वर्षांनी पासिंग करून नोंदणी पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. पण मोटारीची ही फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० ठरली. गाडी धूर ओकत असेल तर जरूर अडवा, आम्ही आड येणार नाही. गावातली पोरेही तोच धूर पितात. पण जिचा धूर आणि ब्रेक तपासणीत पास झाले तिला वयाचा दंड कशासाठी?

इंजिन बदलण्याचा विचार असेल तर एक सावधगिरी. पूर्वी पेट्रोल जीपमध्ये मॅटाडोरचे इंजिन बसवून लोक मोकळे होत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही. इंजिन बदलायचे तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी आणि मग पुस्तकात नोंद, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करील.

पुढच्या बैठकीला येताना गाडीची वही आणा : किती किलोमीटर, किती डिझेल, कशावर किती खर्च. आमच्या जीपची वही आम्ही आणतो. पहिल्या पानावर त्या रबरी पाइपची पावती चिकटवली आहे.