बाबत

आमच्या कीर्दीत एक शब्द असे : 'बाबत'. तारीख, नाव, रक्कम हे सारे लिहून झाले की खाली बारीक अक्षरात लिहायचे, 'बाबत पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे', 'बाबत वसुली कारकुनास एस. टी. भाडे'. एका सहकारी संस्थेच्या हिशेबखात्यात चौतीस वर्षे मी हेच केले. नोकरीस लागलो त्या आठवड्यात आमचे हेडक्लार्क म्हणाले होते, "रक्कम चुकली तर घाबरू नकोस, ती बेरजेत सापडते. बाबत चुकली की ती जन्मात सापडत नाही." मला वाटले, म्हाताऱ्याची खोड आहे, दुसरे काय!

यंदा गणपती उठल्यावर आमच्याच घरात ह्या वाक्याचा पडताळा आला. आणि तो अशा धंद्यात, की जिथे शाईची दौत कुणी पाहिलेली नाही.

आमची सून सुमेधा हिंजवडीला एका कंपनीत आहे. तिचे काम नक्की काय, हे शेजाऱ्यांना सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. 'कंप्यूटरमध्ये' एवढे म्हटले की पूर्वी भागत असे. आता प्रत्येकाचे कुणी ना कुणी कंप्यूटरमध्ये असल्यामुळे लोक पुढे विचारतात. तिला पाळीपाळीने रात्रीचा पहारा असतो. पहारा घरूनच, पण उशाशी टेलिफोन, आणि तो वाजला की रात्री दोन असोत की चार, उठून यंत्रापुढे बसायचे.

त्या संध्याकाळी ती जेवायला बसली ती गप्पच. ताटात लिंबाची फोड तशीच. आमच्या सौ.ने मला डोळ्यांनी खुणावले. मी विचारले, तशी म्हणाली, "बाबा, ऑफिसात चौकशी लागली आहे. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे दोन चाळीसला मी एक हुकूम दिला, असं दप्तरात आहे. तो का दिला, ते विचारतायत."

"मग सांग की."

"मलाच आठवत नाही."

आता वाचकांना थोडे तिच्या धंद्यातले सांगणे भाग आहे. मला ते तिने चार वेळा समजावले. चौथ्या वेळी, म्हणे, माझा चेहरा उजळला.

हल्ली मोठ्या कंपनीचे काम एका यंत्रावर चालत नाही, यंत्रांच्या ताफ्यावर चालते. त्या ताफ्याला हे लोक क्लस्टर म्हणतात. कुठले काम कुठल्या यंत्रावर टाकायचे, एखादे यंत्र बसले तर त्याचे काम कुणी उचलायचे, हे माणसाने पाहत बसायचे म्हटले तर माणूस पुरणार नाही. म्हणून त्या ताफ्यावर एक कारभारी नेमलेला असतो. तोही एक प्रोग्रॅमच. त्यांतला फार प्रसिद्ध म्हणजे कुबरनेटीस. गूगलच्या मंडळींनी तो २०१४ साली जगापुढे मांडला, आणि २०१५ च्या जुलैत त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली. शब्द ग्रीक आहे; अर्थ, जहाजाचे सुकाणू धरणारा. आपल्या ओळखीचा 'गव्हर्नर' हा शब्दही त्याच मुळापासून आलेला. त्याचे चिन्हही सात आऱ्यांचे सुकाणूचे चाक आहे.

ह्या सुकाणूवाल्याची रीत मला फार आवडली. त्याला 'अमुक कर, मग तमुक कर' असे सांगायचे नसते. 'ह्या कामाच्या तीन प्रती चालू असाव्यात' एवढे सांगायचे. एक मेली की तो आपणहून दुसरी उभी करतो. तीन म्हटले की तीन. पण मग शून्य म्हटले की शून्यही! ते शून्य तो तितक्याच निष्ठेने सांभाळतो. हे शून्य कशाला, असे तो विचारीत नाही.

सुमेधाच्या नावावर लागला होता तो हुकूम हाच. एका गिऱ्हाइकाच्या लोकांना पैशांच्या पावत्या पाठविण्याचे काम होते. त्याच्या तीन प्रती चालत. त्या रात्री तिनाच्या जागी शून्य लिहिले गेले, आणि पुढे नऊ दिवस एकही पावती गेली नाही. धोक्याची घंटा त्याच रात्री कुणीतरी बंद करून ठेवली होती, ती तशीच राहिली. लोकांनी पैसे भरले, पावती नाही. मग टेलिफोन, तक्रारी. गिऱ्हाईक खवळले. साहजिकच आहे.

मी म्हटले, "तुमच्या कारभाऱ्याकडे कीर्द नाही का?"

"आहे ना!" ती म्हणाली. आणि खरोखरच आहे. प्रत्येक हुकूम एकाच दारातून आत जातो, आणि त्या दाराशी नोंदवही ठेवता येते. तिला ऑडिट लॉग म्हणतात. मात्र ही वही आपोआप उघडली जात नाही. काय लिहायचे, किती लिहायचे, हे ठरवून द्यावे लागते. मग ती लिहिते : हुकूम कुणाचा, कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, कशावर, आणि तो मानला गेला की नाही. इतकी चोख नोंद आमच्या संस्थेत एका लेखनिकानेही कधी ठेवली नाही. फक्त एक रकाना तीत नाही. बाबत!

आणखी एक गंमत ऐका. चालत्या कामाच्या आत शिरून तिथे हाताने काही करायची सोय आहे. त्या वेळी नोंदवही लिहिते की अमकी बाई अमक्या वेळी अमका हुकूम घेऊन आत शिरली. आत गेल्यावर तिने काय काय केले, ते लिहीत नाही. चाळीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने पाहुण्याचे नाव लिहावे, पण स्वयंपाकघरात कुणी कुठला डबा उघडला ते त्याला कसे कळावे?

'का' लिहायला जागाच नाही असे मात्र नाही. कामाची नवी आवृत्ती चढविली की तिच्या इतिहासात 'बदलाचे कारण' असा एक रकाना आहे. मला हायसे वाटले. मग सुमेधा हसली, आणि त्या रकान्याचे चरित्र तिने सांगितले. तो भरायचा लोकांना कंटाळा येतो, म्हणून पूर्वी एक सोय काढली होती : हुकमाबरोबर एक खूण जोडायची, की रकाना आपोआप भरेल. कशाने भरेल? तर त्याच हुकमाने! म्हणजे 'शिपायास पाच रुपये दिले, बाबत शिपायास पाच रुपये दिले.' आमच्या हेडक्लार्कांनी असली कीर्द तोंडावर फेकली असती. त्या खुणेला पुढे बाद ठरवावे लागले. हाताने लिहिलेले कारणही धोक्याचे असते. ते पुढच्या वेळी बदलले नाही तर जुनेच कारण नव्या बदलाला चिकटून राहते. रोगी बरा झाला, वारला तरी केसपेपरवर खोकला तो खोकलाच.

आणि सुमेधाला ह्याचा काहीच उपयोग नव्हता. प्रतींची संख्या कमी-जास्त करणे ही नवी आवृत्ती धरली जात नाही. त्यामुळे त्या इतिहासात तिचे शून्य आलेच नव्हते.

ती पुन्हा पुन्हा म्हणे, "त्या आठवड्यात तीन रात्री फोन वाजला होता, बाबा. तिन्ही एकमेकींत मिसळल्यात." चौकशीच्या कागदावर तिच्या नावापुढे लिहिले होते, 'कारण : अज्ञात'. मला तो शब्द फार टोचला. नाव ज्ञात, वेळ मिनिटापर्यंत ज्ञात, आणि कारण अज्ञात. असा कागद वाचणारा काय समजेल? पोरीने झोपेत काहीतरी दाबले, हेच.

तिला धीर द्यावा म्हणून मी गिटलॅब ह्या कंपनीची गोष्ट काढली. ती अर्थात तिनेच मला पूर्वी सांगितलेली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका माणसाने मुख्य यंत्रावरची सारी माहिती पुसली. त्याला पुसायची होती ती जोडीच्या यंत्रावरची. सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आले. पण तोवर सुमारे तीनशे गिगाबाइटांतले साडेचारच उरले होते. राखीव प्रती ठेवण्याचे पाच मार्ग होते, त्यांतला एकही वेळेला धड उपयोगी पडला नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत निघाली, तेवढ्यावर निभावले. पण कंपनीने पुढे जे टिपण छापले ते वाचण्यासारखे आहे. त्या माणसाचे नाव न घेता, प्रत्येक पावलाला त्याने तसे का केले ते लिहिले आहे. जोडीचे यंत्र मागे पडले होते, नक्कल पुढे सरकेना, जुन्या फायली आड येत असतील असे त्याला वाटले. वाचणारा म्हणतो, अरे, मीही हेच केले असते.

"त्यांच्याकडे का होतं," सुमेधा म्हणाली. "माझ्याकडे नाही."

इतका वेळ सौ. भांडी आवरीत होती. तिने हात पुसले आणि विचारले, "कुठली रात्र म्हणालीस? पोळ्याच्या आदली का?"

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका आहे, आणि दुधाच्या हिशेबाच्या चौकोनांत सौ. सगळे जग लिहून ठेवते. 'सिलिंडर लावला.' 'बाई आली नाही, मुलाची परीक्षा.' मी तिची ह्यावरून पुष्कळ थट्टा केलेली आहे. तिने पान मागे उलटले. पोळ्याच्या चौकोनात लिहिले होते : 'दूध १ लि. सुमेधा रात्रभर जागी. पावत्या दोन-दोनदा जात होत्या. साहेब म्हणाले बंद कर, सकाळी मी बघतो. चहा ३ वाजता.'

सुमेधा त्या चौकोनाकडे नुसती बघत राहिली. मग टेलिफोनमध्ये शोधू लागली. साहेबांचा फोन होता, दोन एकतीसला. सहा मिनिटे.

म्हणजे हुकूम तिच्या बोटांचा, आणि बाबत साहेबांच्या तोंडी. सकाळी साहेब विमानाने कुठेशी बैठकीला गेले, आणि बाबत त्यांच्याबरोबर गेली.

दुसऱ्या दिवशी तिने हे कचेरीत सांगितले. साहेब म्हणाले, "असेल." 'होय' म्हणाले नाहीत. कागदावरचे 'अज्ञात' खोडून 'तोंडी सूचनेनुसार' असे लिहिले गेले. सूचना कुणाची ते नाही. सुमेधाला काही शिक्षा झाली नाही, साहेबांनाही नाही. मला हे पटले नाही, पण मला कोण विचारतो!

आता त्यांच्याकडे दाराशीच एक पहारा बसविला आहे. महत्त्वाच्या कामाला हात लावणाऱ्या हुकमाबरोबर कारण नसेल तर तो हुकूम परत येतो. तशी सोय कुबरनेटीसमध्ये आहेच, ती वापरली नव्हती. पहिल्या आठवड्यात लोकांनी तिथे काय लिहिले, म्हणता? कुणी 'काम', कुणी 'दुरुस्ती', एकाने नुसते टिंब. आमच्या संस्थेत 'कार्यालयीन कामानिमित्त' लिहीत, तेच हे. यंत्र टिंबालाही कारण मानते. हेडक्लार्क मानीत नसत.

परवा रात्री माझी झोप चाळवली. शेजारच्या खोलीत दिवा होता, टेलिफोनवर हलक्या आवाजात बोलणे चालले होते. सुमेधा म्हणत होती, "करते, सर. एकच सांगा, बाबत काय लिहू?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोलले नसावे. मग कळा वाजू लागल्या, आणि जरा वेळाने सौ. उठून चहा टाकायला गेली.