अर्धा दाखला नको, पुरा हिशेब द्या!



शेवगाव-पाथर्डीची कपाशी असो की जामखेड-कर्जतची ज्वारी, पावसाने दगा दिला की बोअरचे एक पाणी पीक तारते. पण त्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर ते रानातले कॅल्शियम बांधून टाकते, सोडियम मोकळा उरतो आणि काळी जमीन चोपण होते. खारट पाणी जीभ ओळखते, हे विष ओळखत नाही.

म्हणून नुसता सामू आणि क्षारांचा आकडा लिहिलेला दाखला आम्हाला मान्य नाही! बायकार्बोनेट मोजायला लाखाचे यंत्र लागत नाही. मोजून पाणी घ्यायचे, मिथिल ऑरेंजचे थेंब टाकायचे, पिवळ्याचे नारिंगी होईपर्यंत ब्युरेटमधून ठरल्या ताकदीचे आम्ल सोडायचे. लागलेल्या आम्लावरून कार्बोनेट-बायकार्बोनेट निघते. त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करा. उरलेला आकडा लिटरला १.२५ मिलीइक्विव्हॅलंटपर्यंत निर्धोक, २.५ च्या वर घातक; तिथे जिप्समशिवाय पाणी देऊ नये.

१९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आपल्याच राहुरीत आहे. मग ही तपासणी प्रत्येक तालुक्याला, शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत का नको? जमीन आमची, हिशेबही आमच्यासमोरच झाला पाहिजे!