आईचे काम

परवा आमच्या वर्गात एक गंमत झाली. नाटक आणि चित्रपट यांतल्या भूमिकांविषयी बोलता बोलता ‘चरित्र अभिनेत्री’ हा शब्द माझ्या तोंडून गेला. मागच्या बाकावरचा एक मुलगा लगेच उभा राहिला आणि त्याने गंभीर चेहऱ्याने विचारले, “मॅडम, चरित्र अभिनेत्री म्हणजे चारित्र्यवान अभिनेत्री का?”

वर्ग हसला. मीही हसले. इंग्रजीतला ‘कॅरेक्टर’ आपल्याकडे येताना एका दारातून चरित्र होऊन आला आणि दुसऱ्या दारातून चारित्र्य होऊन आला, असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. तास संपला, पण त्या मुलाचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. घरी येऊन चहाचा कप हातात घेतला, तेव्हा वाटले, पोर चुकीचे काय बोलले? आपल्याकडे बाई रंगभूमीवर किंवा पडद्यावर उभी राहिली, की लोकांनी तिचे चारित्र्य आधी तपासले आणि अभिनय मागाहून पाहिला. आणि या तपासणीतून पार होऊन पन्नास वर्षे लोकांना निव्वळ आपले काम पाहायला लावणाऱ्या बाईचे नाव आठवायचे, तर माझ्या डोळ्यांपुढे पहिल्याने उभ्या राहतात त्या दुर्गाबाई खोटे.

दुर्गाबाईंचे नाव मी प्रथम वाचले ते पाटसला. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हे आमचे गाव. ते 1988 साल असावे. आळीत टेलिव्हिजन मोजकेच. त्यांतला एक आमच्या घरी. मी नुकती अक्षरे जुळवू लागले होते आणि पडद्यावर जे उमटेल ते मोठ्याने वाचून घरातल्यांचा जीव खात होते. ‘वागले की दुनिया’ ही मालिका लागली, की आर. के. लक्ष्मण यांचे नाव वाचायचे, कुंदन शहा यांचे वाचायचे. असेच एके दिवशी मी वाचले, “दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स.” भिंतीला टेकून गहू निवडणाऱ्या आजीचे हात थांबले. “कोण म्हणालीस? अगं, ती तारामती!” असे म्हणून तिने चक्क टेलिव्हिजनला हात जोडले. जत्रेच्या तंबूत घोंगडीवर बसून तिने कधीकाळी ‘अयोध्येचा राजा’ पाहिला होता. तारामतीच्या दुःखाने ती इतकी रडली होती, की माझ्या पणजीने तिला अर्ध्यातून उठवून घरी न्यायचे ठरवले होते. पण पणजीलाच रडू आवरेना, म्हणून दोघी शेवटपर्यंत बसल्या!

ही तारामती मुळात मुंबईच्या लाडांच्या घरातली. जन्म 14 जानेवारी 1905 चा. वडील नामांकित सॉलिसिटर. कॅथीड्रल शाळा आणि सेंट झेवियर कॉलेज असे शिक्षण. खोट्यांच्या श्रीमंत घरात लग्न झाले. पुढे सासरची श्रीमंती ओसरली आणि पदरी दोन मुले असताना चार पैसे मिळवण्याची वेळ आली. दुर्गाबाईंनी शिकवण्या केल्या. मग 1931 मध्ये मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात एक लहानसे काम मिळाले. त्या लहानशा कामाने नाव झाले नाही, नाचक्की मात्र झाली. शिकल्यासवरल्या, घरंदाज घरची सून सिनेमात! नातलगांनी काय काय म्हटले असेल, ते ज्यांच्या घरात आत्या-मावश्या आहेत त्यांना मी सांगायला नको.

पण त्याच वेळी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीला एक तारामती हवी होती. व्ही. शांताराम यांनी दुर्गाबाईंना घेतले. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई तारामती. ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली पडद्यावर आला. पहिला मराठी बोलपट तो हाच. त्या काळी दुसऱ्याने गावे आणि नटीने ओठ हलवावेत, अशी सोय नव्हती. उभे राहायचे, बोलायचे आणि गायचेही आपणच. कालपर्यंत जिच्या नावाने नाके मुरडली गेली, तिच्या पायी तंबूतल्या बायका डोके ठेवायला निघाल्या. एका वर्षात इतका पालट झाला! दुर्गाबाई त्याच होत्या. अंगावरचा वेश तेवढा बदलला होता.

आता एक गोष्ट पाहा. सिनेमाच्या नायिकेचे आयुष्य आपण असे समजतो: विशीत नायिका, तिशीत वहिनी, चाळिशीत आई, आणि मग कोपऱ्यात खोकत बसलेली आजी. जिना उतरावा तसे एकेक पायरी उतरत जायचे. दुर्गाबाईंना हा जिना उतरावाच लागला नाही. कारण पहिल्या पायरीवरच त्या आई होत्या. तारामती ही रोहिदासाची आई. तिचे सगळे नाट्य पुत्रवियोगाचे. त्याच 1932 मध्ये ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या चित्ता बाळगणारी राणी झाल्या खऱ्या, पण 1936 च्या ‘अमर ज्योती’तली सौदामिनी पुन्हा आईच. कायदा तिचे मूल तिच्यापासून हिरावून घेतो आणि मग ही बाई समुद्रावर जाते, जहाज हाती घेते, चाच्यांची पुढारीण होते आणि पुरुषांच्या सत्तेवर सूड उगवते! आपल्या आजच्या कितीक धीट म्हणवणाऱ्या मालिकांतल्या आया हिच्यापुढे देवघरातल्या समईसारख्या मवाळ वाटतात. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला होता.

मग 1941 मध्ये आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’त त्या खाष्ट सासू झाल्या. पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी. वय सदतीस. या वयात नायिका आरशापुढे बसून सुरकुत्या मोजतात, आणि दुर्गाबाईंनी लोकांचे शिव्याशाप घ्यायच्या भूमिका पत्करल्या. मात्र या सासूच्या आणि या कैकेयीच्या पोटीही मुलाविषयीची आसक्तीच आहे. एकाच मायेचे सौदामिनीत बंड होते, कैकेयीत विष होते आणि तारामतीत अश्रू होतात. आई म्हणजे पांढरे पातळ, पुढ्यात निरांजन आणि डोळ्यांत पाणी, असा जो छाप आपल्या चित्रपटांनी पुढे पाडला, तो दुर्गाबाईंच्या हातून पडलेला नाही. त्यांनी प्रत्येक आईला तिचे स्वतःचे चरित्र दिले. चरित्र अभिनेत्री या शब्दाला काही अर्थ असेल, तर तो हा.

रंगभूमीवरही तेच. डॉ. अ. ना. भालेराव यांच्या मुंबई मराठी साहित्य संघाने नाटकाला पुन्हा बरे दिवस आणण्याचा उद्योग मांडला, तेव्हा दुर्गाबाई त्यात उतरल्या. सिनेमात त्यांचे नाव एवढे मोठे, की नाटकाच्या तालमींचा उपद्व्याप त्यांनी केला नसता तरी कोणी बोट ठेवले नसते. पण खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई त्यांनी नानासाहेब फाटकांच्या राघोबासमोर उभी केली. 1954 साली शिरवाडकरांनी शेक्सपिअरचा मॅकबेथ ‘राजमुकुट’ म्हणून मराठीत आणला. तो बसवायला हर्बर्ट मार्शल हे इंग्रज दिग्दर्शक होते. नानासाहेब नायक आणि दुर्गाबाई त्याची महत्त्वाकांक्षी पत्नी. विलायतेत या एका भूमिकेवर नट्यांची हयात तोलली जाते. तिथल्या मोठ्या नट्या साठीत, सत्तरीतसुद्धा रंगभूमी आणि पडदा यांत ये-जा करीत राहतात आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही. आपल्याकडे ही वहिवाट नव्हती. ती पाडणाऱ्या मोजक्या बायकांत दुर्गाबाई पुढे होत्या. संगीत नाटक अकादमीने 1958 मध्ये त्यांच्या अभिनयाचा गौरव केला.

दुर्गाबाई एका कंपनीच्या पगारावर बांधून राहिल्या नाहीत. त्या काळी नटनट्या गिरणीतल्या कामगारांसारखे महिन्याच्या पगारावर असत. दुर्गाबाई मात्र कोल्हापूरहून कलकत्त्याला गेल्या, तिथून मुंबईला आल्या, जिथे काम पटेल तिथे केले. कलकत्त्यात 1934 साली देवकी बोस यांच्या ‘सीता’ चित्रपटात पृथ्वीराज कपूर राम होते आणि दुर्गाबाई सीता. नंतर सव्वीस वर्षांनी, 1960 मध्ये, ‘मुघल-ए-आझम’ आला. पृथ्वीराज अकबर आणि दुर्गाबाई जोधाबाई. एका बाजूला बादशाह, दुसऱ्या बाजूला बंडखोर मुलगा आणि मधे ही बाई. शीशमहालाचे आरसे, युद्धाचे हत्तीघोडे, मधुबालेचे सौंदर्य, या सगळ्या झगमगाटात नवरा आणि मुलगा यांच्या कात्रीत सापडलेली ती आई मात्र आपल्या आळीतली वाटते. बाप-लेकाचे भांडण झाले की स्वयंपाकघरातून जी बाई पदराला हात पुसत बाहेर येते, तीच ही. फक्त अंगावर दागिने अधिक!

गंमत अशी, की पुढे पृथ्वीराजांच्या मुलाने, राज कपूरने, 1973 मध्ये ‘बॉबी’ काढला, त्यात दुर्गाबाई नायिकेच्या आजी, मिसेस ब्रिगांझा. नायक पृथ्वीराजांचा नातू ऋषी कपूर. एका घराण्याच्या तीन पिढ्या येऊन गेल्या आणि बाई आपल्या जागेवर उभ्याच! ‘बिदाई’तल्या आईसाठी 1974 चे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. 1980 च्या ‘कर्ज’मध्ये तर मेलेला मुलगा दुसरा जन्म घेऊन परत येतो, अशी आई त्यांनी रंगवली. रोहिदासासाठी टाहो फोडणाऱ्या तारामतीपासून ‘कर्ज’मधल्या या आईपर्यंत मधे अठ्ठेचाळीस वर्षे आहेत.

आणि घरी? घरी त्यांचा मुलगा हरीन त्यांच्या हयातीतच गेला. तारामतीचा रोहिदास देवाच्या कृपेने उठून बसतो. ‘कर्ज’मधला मुलगा पुन्हा जन्म घेतो. घरातला मुलगा तसा परत येत नाही. ‘मी, दुर्गा खोटे’ या नावाने त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्या पुस्तकात रडगाणे नाही. काम मिळाले, काम केले, असा साधा सूर आहे. 1968 मध्ये पद्मश्री, 1983 चे दादासाहेब फाळके पारितोषिक आणि 22 सप्टेंबर 1991 रोजी अखेर. चित्रपटांची संख्या दोनशेच्या घरात.

इथे लेख संपवला असता, तर तो चांगला गोड झाला असता. दिवाळीचा अंक, वाचक फराळाला बसलेले, गोड लेख कोणाला नको असतो? पण मला आजीविषयी अजून थोडे सांगायचे आहे.

पुण्याहून पाटसला येताना वाटेत चौफुला लागतो. तिथली कला केंद्रे आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहेत. ढोलकी, पेटी आणि लावणी. रात्रीच्या बैठकांना कोण कोण पुरुष जातात, हे गावाला माहीत असते आणि त्यांची नावे कोणी घेत नाही. त्याच वर्षीची गोष्ट. आजी आणि मी एस.टी.ने येत होतो. चौफुल्याला एक बाई चढली. कडेवर माझ्यापेक्षा लहान मुलगी, हातात पत्र्याची पेटी, पायांत जाड सुजेचे वळ. चाळ बांधून बांधून पडलेले ते वळ होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्या बाकावर एक जागा होती. आजीने काही न बोलता आपली पिशवी त्या जागेवर ठेवली. ती बाई पाटसपर्यंत उभी राहिली. एका हाताने दांडा धरला होता, दुसऱ्या हाताने मुलीला सावरीत होती. मुलगी झोपली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आजीने टेलिव्हिजनला हात जोडले. मी विचारले, “आजी, या पण नाटकातच काम करतात ना?” आजी म्हणाली, “हो.” मी म्हटले, “मग त्या एस.टी.तल्या बाई?” आजी पुन्हा गहू निवडू लागली. तिने उत्तर दिले नाही आणि मीही पुन्हा कधी विचारले नाही. माझी आजी दुष्ट नव्हती. दुष्काळात दारी आलेल्याला तिने आपल्या ताटातली भाकरी दिलेली आहे. पण तिच्या मनात दोन कप्पे होते, आणि एका कप्प्यातली बाई दुसऱ्या कप्प्यात जाऊ शकत नव्हती.

दुर्गाबाईंनी वाट मोकळी केली, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. त्यांच्यानंतर घराघरांतल्या मुली नाटकात, सिनेमात धिटाईने गेल्या. पण त्या वाटेवरून आपण कोणाला जाऊ दिले? आडनाव ओळखीचे, बाप वकील, शिक्षण इंग्रजी, अशांना आपण मखरात बसवले. आणि ज्यांच्या आया, आज्या, पणज्या ढोलकीवर नाचून कुटुंबे पोसत आल्या, त्यांचे चारित्र्य तपासायला मात्र आपण अजून चष्मा पुसतोच आहोत. पोटासाठी, मुलांसाठी बाई लोकांसमोर उभी राहते. दुर्गाबाईही त्याचसाठी उभ्या राहिल्या होत्या. तारामती स्वतःला बाजारात विकायला उभी राहते, त्या वेळी तंबूतल्या सगळ्या बायका रडल्या. त्यांतल्या कोणाला चौफुला आठवला नाही.

म्हणून त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी उद्या पुरे उत्तर देणार आहे. त्याला सांगणार आहे, की बाबा रे, चरित्र अभिनेत्री म्हणजे दुसऱ्या बाईचे आयुष्य आपल्या अंगावर घेणारी. चारित्र्य तपासायचे तर ते पाहणाऱ्याचे तपासावे.

या दिवाळीलाही भाऊबीजेसाठी मी पाटसला निघेन. एस.टी. चौफुल्याला थांबेल. बरोबर फराळाचे डबे असतील, पिशवी जड असेल. ती या खेपेला मी मांडीवर घेऊन बसणार आहे.