अधांतरी आधारस्तंभ

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या कायद्याने सामुदायिक महाविद्यालयांच्या कारभारात प्राध्यापकांना मानाचे स्थान दिले. अभ्यासक्रम, पदवीच्या अटी, गुणांकन आदी शैक्षणिक विषयांत विश्वस्त मंडळाने प्राध्यापकांच्या अधिसभेशी विचारविनिमय केलाच पाहिजे; एक तर तिचा सल्ला प्रामुख्याने मानावा, अन्यथा उभयतांनी सहमती साधावी, असा तेथील नियम आहे. व्यवस्था स्तुत्यच. परंतु तेथील बहुसंख्य प्राध्यापक अर्धवेळ आहेत. पुढील सत्रात काम मिळेल की नाही, याचीच ज्याला शाश्वती नाही, तो बैठकीत निर्भयपणे मत कसा मांडणार? शिक्षकाला विद्यामंदिराचा आधारस्तंभ म्हणताना तो स्तंभ अधांतरी ठेवून चालणार नाही. सहभागाच्या हक्काला सेवेच्या सुरक्षिततेची जोड हवीच!