चौथा गडी पाहिजे

ज्या वयात माणसाने स्वतःच्या गुडघ्यांविषयी आदराने बोलायला सुरुवात करावी, त्या वयात मी पोहण्याच्या शर्यतीत नाव घातलं आहे. ही बातमी आमच्या सोसायटीत पसरायला पाण्याचा टँकर रिकामा व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला. तेव्हापासून जिन्यात, वाण्याकडे, बँकेच्या काउंटरवर, फार काय, सासुरवाडीच्या फोनवरसुद्धा मला एकच प्रश्न विचारला जातो. "या वयात? कशाला?"

हा लेख त्या 'कशाला'च्या विरुद्ध आहे. ज्यांना तो प्रश्न विचारल्याशिवाय चहा पचत नाही, त्यांनी इथेच पानं उलटावीत. पुढे घरातल्या हरवलेल्या किल्ल्यांवर एक लेख आहे, तो निरुपद्रवी आहे.

माझं वय सत्तेचाळीस. शिक्षण बी.कॉम. नोकरी बँकेत कारकुनाची. हल्ली आम्हाला कागदोपत्री 'असोसिएट' म्हणतात, पण काउंटरपलीकडून अजून "ओ साहेब, लाइन पुढे सरकेल का?" असंच ऐकू येतं. ज्या शर्यतीत मी नाव घातलं तिला 'मास्टर्स' म्हणतात. पंचविशी ओलांडलेल्यांसाठी ही सोय आहे. पाच-पाच वर्षांचे गट पाडलेले असतात आणि मी पंचेचाळीस ते एकोणपन्नासमध्ये मोडतो. हे काही आमच्या वॉर्डातलं खूळ नव्हे. या मास्टर्सची जागतिक स्पर्धा १९८६ साली टोकियोला झाली, तेव्हापासून ती भरते आहे. एवढं सगळं मी आमच्या सोसायटीच्या चिटणिसांना दुधाच्या पिशव्या हातात धरून समजावून सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण तुम्ही मास्तर कधी झालात?"

आपल्याकडे पोहणं दोनच कारणांसाठी मंजूर आहे. एक म्हणजे मुलांनी सर्टिफिकेटसाठी पोहावं आणि दुसरं म्हणजे मोठ्यांनी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पोहावं. तिसरं कारण निघालं की लोकांच्या कपाळाला आठ्या. मी नुसता पोहायला जात होतो तोवर सगळे खूश होते. "छान, छान, तब्येतीला बरं." शर्यत म्हटल्याबरोबर तेच पाणी तब्येतीला वाईट झालं. फॉर्मला वैद्यकीय दाखला लागतो म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीला तारा चिकटवून आलेख काढला, रक्तदाब घेतला, सगळं बरोबर आहे म्हणाले, सही केली, शिक्का मारला आणि मग कागद माझ्या हातात न देता विचारलं, "पोहा की, पण शर्यत कशाला?" म्हणजे माझं हृदय शर्यतीला तयार आहे, अडचण डॉक्टरांच्या हृदयात आहे.

आमच्या शाखेत तर प्रकरण लेखी झालं. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, २०१५ पासून. शर्यत अर्थातच तिसऱ्या शनिवारी. मी किरकोळ रजेचा अर्ज केला आणि 'कारण' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: पोहण्याची शर्यत. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, उलटा करून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं.

"अहो, घरगुती कारण लिहा की. नाहीतर मेव्हण्याचं लग्न लिहा."

"साहेब, मेव्हण्याला दोन मुलं आहेत."

"मग बारसं लिहा. हे असं वर गेलं तर लोक काय म्हणतील?"

ज्या संस्थेत आम्ही शेतकऱ्याला सातबाऱ्यावरच्या एका काना-मात्रेसाठी तीनदा परत पाठवतो, तिथे मला खोटं लिहिण्याचा सल्ला मिळाला आणि तोही मायेने. मी अर्ज बदलला नाही. तो अजून साहेबांच्या ट्रेमध्ये आहे, काचेच्या पेपरवेटखाली. येता-जाता मी बघतो, आहे.

इतका हट्ट कशासाठी, हे आता सांगायला हवं.

मी सांगलीचा. पोहायला शिकलो कृष्णेत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. शिकवलं वडिलांनी. शिकवलं म्हणजे घाटावरून ढकललं, आणि मी वर आल्यावर "हात मार, हात मार" असं ओरडले. ते स्वतः पट्टीचे पोहणारे होते. सकाळी पैलतीराला जाऊन यायचे आणि आल्यावर डोकं पुसत पुसत भाकरी खायचे. एका उन्हाळ्यात त्यांच्या कचेरीतले एक गृहस्थ घाटावर भेटले. वडील नुकते पाण्यातून बाहेर आलेले, अंगावर लंगोट. ते गृहस्थ हसून म्हणाले, "काय रावसाहेब, अजून पोरखेळ चालूच का?" बस, एवढंच. वडीलही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते पायजमा-सदरा घालून घाटावर येऊ लागले आणि खांद्यावर आमचा पंचा टाकून पायरीवर उभे राहू लागले. नंतर मी त्यांना पाण्यात उतरलेलं पाहिलं नाही. तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते. हा हिशेब मी अलीकडे केला, ते गेल्यावर. लहानपणी मला ते म्हातारेच वाटायचे.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत शर्यतीत पोहलो. पन्नास मीटरला तेहेतीस सेकंद, फार नाही पण वाईटही नाही. मग बँकेची परीक्षा, नोकरी, लग्न, ब्लॉकचं कर्ज. मला कुणी टोमणासुद्धा मारावा लागला नाही, मी आपणहून बाहेर आलो. सव्वीस वर्षं गेली. पुढे मुलगी पोहायला शिकू लागली आणि चार वर्षं मी तलावाच्या कठड्याजवळ तिचा टॉवेल धरून उभा राहिलो. एक दिवस तो टॉवेल मी खांद्यावर टाकला, आणि काय सांगू, एकदम घाट दिसला. त्याच आठवड्यात जाऊन मी गॉगल विकत घेतला.

बँकेतलं खातं दोन वर्षं कुणी हात लावला नाही तर निष्क्रिय होतं. दहा वर्षं लोटली तर आतली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. पण तिथूनसुद्धा, धनी आला, फोटो-कागद दिले, की पैसे परत करावे लागतात. "या वयात कशाला हवेत?" असं आम्ही विचारत नाही, विचारलं तर आमच्यावर तक्रार होईल. माझं पोहण्याचं खातं सव्वीस वर्षांनी मी परत मागितलं, तर अख्खी सोसायटी मॅनेजर होऊन बसली आहे.

तलावावरही वेगळं काही नाही. मोठ्यांच्या बॅचला पाऊण तास मिळतो. उथळ बाजूला पाच निवृत्त गृहस्थ छातीभर पाण्यात नळी धरून उभे असतात आणि देश चालवतात. मी त्यांच्या बाजूने गेलो की "आले, ऑलिंपिकवाले आले" असा गजर होतो. लेनच्या दोऱ्या मुलांच्या कोचिंगला लागतात, मोठ्यांना नाही. मी व्यवस्थापकांना म्हटलं, एक दोरी राहू द्या. ते म्हणाले, "तुम्ही मोकळे पोहा की, तुम्हाला कुठे नंबर काढायचाय?" मोकळं पोहायचं म्हणजे दर तिसऱ्या हाताला कुणाच्या तरी पोटावर थाप मारायची आणि सॉरी म्हणताना घोटभर क्लोरीन गिळायचं.

पहिल्या दिवशी सूर मारला. पाटावर कणकेचा गोळा आपटावा तसा आवाज झाला, गॉगल हनुवटीखाली आला, आणि उथळ मंडळाने त्या सकाळी प्रथमच राजकारण थांबवलं. माझा प्रशिक्षक बावीस वर्षांचा आहे. तो म्हणाला, "काका, सूर राहू द्या. मास्टर्सना पाण्यातूनच भिंतीला पाय देऊन निघालं तरी चालतं." मला ते पटेना. मी नियमावली मागवून घेतली. परिपत्रकं वाचणं हा माझा पोटापाण्याचाच धंदा. खरंच चालतं! आणि त्यात मला एक रत्न सापडलं. फ्रीस्टाइलमध्ये पोहणारा मध्येच तळाला पाय टेकून उभा राहिला तर बाद होत नाही. चालला तर बाद. उभं राहून दम घ्या, डोळे पुसा, पण एक पाऊल पुढे टाकायचं नाही, पुढे जायचं ते पोहूनच. ज्याने हे कलम लिहिलं त्याला मनुष्यप्राण्याची कीव होती. आमच्या कर्जखात्याच्या नियमांत असं एकही वाक्य नाही.

तालीम म्हणाल तर रोज सव्वापाचला उठणं, हे अर्धं युद्ध. बाकीचं श्वासाचं. हातापायांना सव्वीस वर्षांनंतरही सगळं आठवत होतं, फुप्फुसांना काहीच आठवेना. पहिल्या आठवड्यात तीस मीटरवर माझं इंजिन बंद पडायचं. पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही पाण्याशी भांडताय. तोंड पाण्यात असताना श्वास सोडा, नाहीतर बाहेर आल्यावर घेणार कुठे?" सत्तेचाळीस वर्षं मी श्वास धरून बसलो होतो, हे मला तेव्हा कळलं. पन्नास मीटरला पहिल्यांदा लागले एक मिनिट चार सेकंद. तीन महिन्यांनी चोपन्न सेकंदांवर आलोय. दहा सेकंदांची कमाई. इतका दर आमच्याकडे कुठल्याच ठेवीवर नाही.

चोपन्न म्हणजे किती, हेही मी पाहून ठेवलंय. आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत मारली, सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम. मी दोन पाय मारत मारत त्यांच्या सोळा-सतरा सेकंद मागे आहे. त्यांच्यावर २०२४ साली सिनेमा आला, तेव्हा आमचे चिटणीस सहकुटुंब बघून आले आणि जिन्यात डोळे पुसत म्हणाले, "माणसाने जिद्द ठेवली पाहिजे हो!" हेच ते चिटणीस.

मला जिंकायचं नाही, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मला शेवटचा यायचं आहे. रीतसर, दोऱ्यांच्या मधून, घड्याळ लावून, पंचांच्या साक्षीने शेवटचा. बायकोला हे पटायला वेळ लागला. "अहो, शेवटचंच यायचं तर घरी काय वाईट आहे?" म्हणाली. पण आता सव्वापाचचा गजर तीच लावते. आई सांगलीला असते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला फोनवर भीत भीत सांगितलं. सगळ्यांत तिने एकटीने 'कशाला' विचारलं नाही. जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "पाण्याला उतार आहे का रे?"

असं सगळं जमत आलेलं असताना परवा पोरगा उड्या मारत आला. "काका, गुड न्यूज! तुमच्या गटात आत्तापर्यंत तीनच एंट्री आहेत. नुसतं पोहून बाहेर या, ब्राँझ तुमचंच!"

मी मटकन खुर्चीत बसलो. जपानच्या मिएको नागाओकाबाईंनी २०१५ साली शंभराव्या वर्षी दीड हजार मीटर पोहून दाखवले, सव्वा तासात, आणि शंभर ते एकशेचार या गटात त्या एकट्याच होत्या. त्यांना ते शोभलं. पण माझं काय? ही बातमीही टँकरच्या वेळेत पसरली. चिटणीस वर आले, म्हणाले, "वा! मग आता अर्थ आहे बुवा." गणपतीत सत्कार करायचं घाटतंय. साहेबांनी पेपरवेट बाजूला केला, रजा मंजूर केली आणि 'कारण'पुढे स्वतःच्या हाताने 'पदक' असं लिहिलं. तीन महिने मी ज्यांच्याशी भांडलो ते सगळे एका पत्र्याच्या चकतीवर माझ्या बाजूला आले, आणि माझी बाजूच गेली.

नावं द्यायला अजून चार दिवस आहेत. आपल्या ओळखीत पंचेचाळीस ते एकोणपन्नासमधले कुणी गृहस्थ असतील, जुने पोहणारे, खांद्यावर मुलांचा टॉवेल घेऊन तलावाच्या कठड्याजवळ उभे राहणारे, तर त्यांना कृपा करून सांगा. एंट्री फी माझ्याकडून. वैद्यकीय दाखल्यासाठी आमच्या डॉक्टरांचा पत्ताही देईन. वेग कितीही चालेल, फक्त चोपन्नच्या आत हवा.