नकाशाचा फोटो झाला, माप कुठे गेले?



ठिबकचा आराखडा हल्ली कागदावर येत नाही, मोबाईलवर येतो. सोय झाली, हे आम्ही नाकारत नाही. पण गेल्या हंगामात आमच्याच गटात एक प्रसंग घडला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका सभासदाच्या शेताचा आराखडा ठिबक बसवणाऱ्यांकडून फोटो म्हणून आला. मुख्य पाइपजवळ ९० मि.मी. लिहिले होते. फोटो पुसट, म्हणून ते ५० वाचले गेले. पाइप आले, चारी बुजवली, मोटार चालू केली, तर शेवटच्या सऱ्यांपर्यंत पाणीच जाईना. जाणार कसे? ५० च्या पाइपाचे तोंड ९० च्या एक तृतीयांशसुद्धा भरत नाही. चारी पुन्हा उकरावी लागली. सभासदाने आम्हाला एवढेच विचारले, "साहेब, तुम्ही आराखडा बघितला होता ना?" बघितला होता. तोच पुसट फोटो बघून आम्हीही मान डोलावली होती.

तेव्हा दोष सभासदाचा नव्हे. नकाशाचा फोटो करणे हे आपण शिपायाचे काम समजतो, तिथेच चूक आहे.

मूळ आराखडा ऑटोकॅडमध्ये काढतात. हे सॉफ्टवेअर १९८२ साली आले. त्याच्या डीडब्ल्यूजी फाइलमध्ये प्रत्येक रेघ मापासकट साठवलेली असते, कितीही मोठी करून बघा, फुटत नाही. फोटो म्हणजे नुसते ठिपके. त्यातही जेपीजी हा प्रकार माणसांच्या आणि निसर्गाच्या छायाचित्रांसाठी चांगला. फाइल लहान करताना तो बारीक रेघा आणि आकडे पुसट करतो. त्यावर व्हॉट्सअॅप फोटो आणखी दाबते. मग ९ चा ५ व्हायला कितीसा वेळ?

पूर्वी ट्रेसिंग कागदावरून निळी प्रत निघायची. तिच्यावर पट्टी ठेवली की माप मिळायचे. मोबाईलवर पट्टी ठेवून काय मिळणार? कोपऱ्यात १:५०० लिहिले असेल, तर १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर, हे फक्त ठरलेल्या आकाराच्या कागदावर खरे. चित्र लहानमोठे झाले की ते खोटे पडते. मात्र नकाशावर मापाची पट्टीच काढलेली असेल, तर तीही चित्राबरोबर लहानमोठी होते आणि हिशेब जुळतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, नकाशा ज्याने काढला त्यानेच तो नीट करून द्यावा. संगणकाच्या पडद्याचा फोटो काढून पाठवू नये. पडद्यावर असतात तेवढेच ठिपके त्यात येतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या रेघा ठेवून ए-३ आकाराची पीडीएफ काढावी. चित्रच हवे असेल तर पीएनजी करावे आणि इंचाला ३०० ठिपके ठेवावेत. पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. प्रत्येक पाइपाची लांबी व व्यास आकड्यात लिहावा, उत्तर दिशा, मापाची पट्टी आणि तारीख घालावी.

सभासदांनीही दोन गोष्टी कराव्यात. चित्रावरून माप घेऊ नये, लिहिलेला आकडाच धरावा. तो वाचता येत नसेल तर अंदाजाने पाइप आणू नये, सरळ विचारावे. विचारायला लाजू नये. आणि मूळ डीडब्ल्यूजी फाइल मागून घेऊन जपून ठेवावी. पैसे आपण मोजतो, नकाशा आपला आहे. पुढे खोडवा काढून नवी लागण करताना पाइप कुठून गेलाय ते शोधायला तीच उपयोगी पडेल.

आमच्यापुरते म्हणाल तर, ज्यावरचा आकडा वाचता येत नाही त्या आराखड्याला यापुढे आम्ही मान डोलावणार नाही. त्याने काम दोन दिवस लांबले तर सभासदांनी रागावू नये. दोन दिवस थांबलेले बरे, पण बुजवलेली चारी पुन्हा उकरायला लागू नये.